युरोपा युनिव्हर्सॅलिस ४: पॉज काढण्याआधी, युद्धाआधी आणि तहानंतर काय करावे

'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' हा इतिहासातला एखादा देश चालवण्याचा संगणकावरील गेम नव्याने खेळणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. युद्ध जिंकले, भरपूर प्रांत घेतले, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत बंडे, कर्ज आणि चिडलेल्या शेजाऱ्यांची आघाडी यांनी मिळून राज्य बुडवले; म्हणजे गेमने फसवले. प्रत्यक्षात अशा बहुतेक शेवटांची सूचना गेमने आधीच कुठल्यातरी टूलटिपमध्ये (माऊस नेल्यावर उघडणाऱ्या माहितीच्या चौकटीत) आकड्यांसह दिलेली असते, आणि खेळाडूने ती वाचण्याआधीच पुढचे बटण दाबलेले असते. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते: मित्र जोडण्याआधी युद्ध, पॉइंट (कारभारासाठी दरमहा मिळणारे गुण) साठवण्याआधी तह, आणि घेतलेले पचण्याआधी पुढचे युद्ध. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत. त्यांतले एक-दोन टप्पे गाळले तर तोटा लगेच दिसत नाही, दहा वर्षांनी दिसतो, आणि तोवर नेमके कारण कोणते हे ओळखणे कठीण होऊन बसते.

## तयारी: खेळ सुरू करण्याआधीच्या गोष्टी

पहिल्या मोहिमेसाठी आयर्नमॅन मोड बंद ठेवावा. त्या मोडमध्ये गेम स्वतःच एका फाइलवर सेव्ह करत राहतो आणि मागे जाता येत नाही; अचीव्हमेंट हव्या असतील तर तो लागतो, पण शिकताना त्याचा अडथळाच होतो. त्याऐवजी प्रत्येक युद्धाच्या आदल्या दिवशी आणि प्रत्येक तहाच्या आदल्या दिवशी वेगळ्या नावाने सेव्ह करण्याची सवय लावावी. या सेव्हचा उपयोग हरलेले युद्ध पुसून टाकण्यापेक्षा, तोच तह दोन वेगळ्या मागण्यांनी करून पुढे काय फरक पडतो हे पाहण्यासाठी अधिक होतो.

दुसरी तयारी संदेशांची. मेसेज सेटिंगमध्ये जाऊन मित्रावर हल्ला होणे, वारस मरणे, शेजाऱ्याने युद्ध पुकारणे, आपल्याविरुद्ध आघाडी उभी राहणे आणि आपल्या किल्ल्याला वेढा पडणे, एवढ्या घटनांसाठी तरी खेळ आपोआप थांबेल अशी निवड करावी. मूळ सेटिंगमध्ये यांतल्या काही सूचना पडद्याच्या कडेला क्षणभर दिसून जातात, आणि पाचव्या वेगावर खेळणाऱ्याला त्या कळतही नाहीत.

इशारा. हा गेम २०१३ साली आला आणि त्यानंतर अनेक वर्षे त्याचे नियम बदलत राहिले. इस्टेट (राज्यातले प्रभावी वर्ग), मिशन (गेमने दिलेली उद्दिष्टे), इन्स्टिट्यूशन (नव्या विचारांचा प्रसार), भाडोत्री सैन्य यांविषयीचे जुने सल्ले आजच्या आवृत्तीत लागू पडतीलच असे नाही. कोणताही सल्ला मानण्याआधी तो कोणत्या पॅचसाठी (सुधारित आवृत्तीसाठी) आहे ते पाहावे, आणि शंका आली तर टूलटिप खरी मानावी.

## टप्पा १: देशाची निवड

पहिल्यांदा ऑटोमन किंवा कॅस्टील घ्यावे. ऑटोमन इतके बलाढ्य असतात की काही चुका खपून जातात. कॅस्टीलकडे युद्ध, समुद्र, वसाहती आणि विवाहसंबंध असे सगळे शिकायला मिळते, मात्र त्याचा वारस एनरिके अतिशय दुबळा असतो आणि यादवी युद्धाची टांगती तलवार सुरुवातीपासून असते. पोर्तुगालची शिफारस अनेकजण करतात, कारण युरोपात त्याला एकच शेजारी आहे आणि इंग्लंडशी त्याचा मैत्री करार सुरुवातीलाच असतो. माझ्या मते तो सुरक्षित आहे म्हणूनच तिथे युद्ध आणि तह यांचा सराव फारसा होत नाही.

एका प्रांताचे जर्मन संस्थान, किंवा ऑटोमनांच्या तोंडाशी बसलेले बायझँटियम, पहिल्या मोहिमेसाठी घेऊ नये. विजयनगर आणि बहमनी हे दोन्ही चांगले पर्याय आहेत, पण दुसऱ्या मोहिमेसाठी. बहमनी राज्याचा धर्म आणि त्याच्या बहुसंख्य प्रांतांचा धर्म वेगळा असल्यामुळे तिथे असंतोषाचे गणित पहिल्या वर्षापासून सांभाळावे लागते, आणि विजयनगरला ते गणित उत्तरेकडे विस्तारू लागल्यावर कळते. (रियुक्यूसारख्या चिमुकल्या बेटांवरून सगळे जग जिंकण्यासाठी गेममध्ये स्वतंत्र अचीव्हमेंट आहे, ती मिळवणारे खेळाडूही आहेत, पण त्यांचे व्हिडिओ पाहून पहिली मोहीम आखू नये.)

## टप्पा २: पॉज न काढता नकाशा वाचणे

खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. या दिवशी पॉज न काढता किमान अर्धा तास घालवावा. नव्या खेळाडूंना हे कंटाळवाणे वाटते आणि नेमका हाच टप्पा ते गाळतात; पुढे ज्यांना 'अचानक' म्हटले जाते त्यांतल्या बऱ्याच गोष्टी याच दिवशी पडद्यावर लिहिलेल्या असतात.

सर्वप्रथम दरबाराचे पान उघडून राजा आणि वारस पाहावा. दोघांचे वय, तिन्ही क्षेत्रांतली कुवत (० ते ६) आणि वारसाचा दावा किती बळकट आहे, हे लक्षात घ्यावे. राजावर माऊस नेला की आज तो मेला तर गादी कोणाकडे जाईल हे टूलटिपमध्ये दिसते. वारस नसेल आणि परक्या घराण्यांशी विवाहसंबंध असतील, तर त्या ओळीत दुसऱ्याच देशाचे नाव असू शकते. ही एक ओळ दर काही वर्षांनी वाचणाऱ्याला पर्सनल युनियनचा (एकाच राजाखाली दोन देश येण्याचा) धक्का सहसा बसत नाही.

त्यानंतर स्टॅबिलिटीच्या (राज्याच्या स्थैर्याच्या) पानावरील डिझास्टरची यादी उघडावी. आपल्या देशावर कोणती आपत्ती ओढवू शकते, तिच्या कोणत्या अटी आज पुऱ्या होत आहेत आणि कोणती अट मोडली तर ती थांबेल, हे सगळे तिथे असते. इंग्लंड घेणाऱ्याला सहाव्या हेन्रीला वारस नाही हे पहिल्याच दिवशी दिसते. गुलाबांच्या युद्धाची बीजे तिथेच आहेत. त्याच इंग्लंडला पहिल्या काही वर्षांत मेन प्रांत फ्रान्सच्या हवाली करायचा की नाही, असा प्रश्नही विचारला जातो, आणि नकार दिल्यास फ्रान्सशी युद्ध जुंपू शकते. ज्याने फ्रान्सचे सैन्य आधी मोजले आहे तोच त्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे देऊ शकतो.

सैन्य मोजण्यासाठी लेजर आहे. त्यात सर्व ज्ञात देशांच्या पलटणी, मनुष्यबळ आणि उत्पन्न यांची तुलना मिळते. आपल्या सीमेला लागून असलेला प्रत्येक देश आणि त्याचे मित्र यांची बेरीज करावी. शेवटी भूप्रदेशाचा नकाशा लावून शेजाऱ्यांचे किल्ले कोणत्या प्रांतांत आहेत, ते डोंगरात आहेत की मैदानात, हे पाहावे.

तपासणी. पुढे जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहिता आल्या पाहिजेत: राजा मेला तर काय होईल, सर्वांत धोकादायक शेजारी कोण, सर्वांत दुबळा शेजारी कोण आणि त्याचे मित्र कोण, दरमहा शिल्लक किती, आणि मिशनच्या झाडात पहिले सहज पुरे होणारे मिशन कोणते. यांपैकी एखाद्याचे उत्तर देता येत नसेल तर पॉज काढू नये.

## टप्पा ३: पहिला महिना

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी रायव्हल (घोषित प्रतिस्पर्धी), मग इस्टेट, मग सल्लागार, आणि शेवटी मैत्री करार.

रायव्हल तीन निवडता येतात. त्यांच्याशी स्पर्धा करून पॉवर प्रोजेक्शन (देशाच्या दबदब्याचा आकडा) ५० वर नेले की तिन्ही प्रकारचा एकेक जादा पॉइंट दरमहा मिळतो. शिवाय शत्रूचा शत्रू आपल्याकडे चांगल्या नजरेने पाहतो, म्हणून मैत्रीचे दरवाजे रायव्हल ठरल्यावर उघडतात. संगणकाचे देशही आपले रायव्हल पहिल्या काही दिवसांतच ठरवतात. त्यामुळे पॉज काढून थोडे दिवस जाऊ द्यावेत, पुन्हा थांबावे, आणि कोण कोणाच्या विरोधात उभे राहिले हे पाहून मगच मैत्रीचे प्रस्ताव पाठवावेत. अकरा नोव्हेंबरलाच घाईने केलेला करार पुष्कळदा अशा देशाशी होतो, जो आपल्या दुसऱ्या संभाव्य मित्राचा वैरी निघतो.

इस्टेटच्या पानावर सरदार, धर्मगुरू आणि व्यापारी यांच्याकडे दरमहा पॉइंट वाढवणारी एकेक सवलत असते. त्या बदल्यात पुढच्या काळात अ‍ॅब्सोल्युटिझमची (राजाच्या निरंकुश सत्तेची) मर्यादा घटते, पण ते युग १६१० च्या सुमारास येते आणि पहिल्या शतकात पॉइंटची चणचण जास्त भासते. म्हणून त्या सवलती द्याव्यात. सवलती दिल्यावर निष्ठा वाढते, आणि त्यानंतर इस्टेटकडून जमीन काढून घ्यावी. उलट क्रमाने केल्यास निष्ठा आधीच घसरलेली असते.

पॉइंटचे गणित एकदा स्पष्ट करून ठेवावे, कारण पुढचे सर्व टप्पे त्यावर उभे आहेत. अ‍ॅडमिन, डिप्लो आणि मिलिटरी (प्रशासन, राजनय आणि लष्कर) या प्रत्येक प्रकारात दरमहा मूळ ३ पॉइंट मिळतात. त्यात राजाची त्या क्षेत्रातली कुवत आणि सल्लागाराचा दर्जा मिळवायचा. म्हणजे राजाची प्रशासनातली कुवत ३ आणि सल्लागार पहिल्या दर्जाचा असेल तर महिन्याला ७ अ‍ॅडमिन पॉइंट. पैसा कर्जाऊ मिळतो, सैनिक भाड्याने मिळतात, पण हे पॉइंट उसने मिळत नाहीत. म्हणून खजिन्याला झेपतील ते तिन्ही सल्लागार पहिल्याच महिन्यात नेमावेत, मग ते पहिल्या दर्जाचे का असेनात.

इशारा. राजनैतिक संबंधांची संख्या मर्यादित असते आणि ती ओलांडली की दरमहा डिप्लो पॉइंट कापले जातात. पाच दुबळे मित्र जोडण्यापेक्षा आपल्या सर्वांत धोकादायक शेजाऱ्याच्या पलीकडे बसलेला एक मोठा मित्र अधिक उपयोगी पडतो.

## टप्पा ४: युद्धाआधीची मोजणी

युद्धाचे कारण आधी हवे. शेजाऱ्याच्या देशात हेरांचे जाळे २० पर्यंत वाढले की एखाद्या प्रांतावर दावा तयार करता येतो. मिशन पूर्ण केल्यानेही दावे मिळतात आणि ते बहुधा जास्त फायद्याचे असतात. कारणाशिवाय युद्ध पुकारल्यास स्टॅबिलिटी २ ने घसरते, आणि पहिल्या शतकात ती परत वर आणायला लागणारे अ‍ॅडमिन पॉइंट कोअरसाठी (घेतलेला प्रांत पूर्णपणे आपला करण्यासाठी) हवे असतात.

त्यानंतर, एकही सैनिक हलवण्याआधी, तहाचा खर्च मोजावा. हा सल्ला विचित्र वाटेल, पण सर्वांत जास्त मोहिमा इथेच बिघडतात. घेतलेल्या प्रांतावर कोअर करायचा तर प्रत्येक डेव्हलपमेंटमागे (प्रांताच्या विकासाच्या एककामागे) मूळ १० अ‍ॅडमिन पॉइंट लागतात. एकूण ४० डेव्हलपमेंटचे प्रांत घेऊन ते पूर्ण राज्यात सामावायचे असतील तर सवलती धरण्याआधीचा हिशेब ४०० पॉइंटचा होतो, आणि महिन्याला ७ पॉइंट मिळवणाऱ्या देशाला ते जमवायला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागतो. दावा असेल तर खर्च कमी होतो आणि टेरिटरीसाठी (पूर्ण राज्यात न सामावलेल्या प्रदेशासाठी) तो निम्मा असतो, तरी प्रमाण ध्यानात यावे. ज्याच्याकडे ६० पॉइंट शिल्लक आहेत त्याने ४० डेव्हलपमेंटचे युद्ध लढू नये. युद्ध जिंकले तरी तो घेतलेले सांभाळू शकणार नाही.

सैन्याच्या देखभालीची पट्टी शांततेच्या काळात खाली ओढून पैसे वाचवणे योग्यच आहे, मात्र युद्धाच्या काही महिने आधी ती पूर्ण वर न्यावी. मनोधैर्य एका दिवसात भरत नाही. अर्ध्या मनोधैर्याच्या फौजेने युद्ध पुकारणे ही इतकी सामान्य चूक आहे की हरलेल्या पहिल्या लढाईचा स्क्रीनशॉट पाहताना मी सर्वांत आधी ती पट्टी पाहतो. याच सुमारास शत्रूच्या हद्दीलगतचे, बंद ठेवलेले किल्लेही सुरू करावेत.

शेवटी युद्ध पुकारण्याचा पडदा उघडून तो सावकाश वाचावा. शत्रूच्या बाजूने कोण येणार, आपल्या बाजूने कोण येणार आणि येणार नसेल तर का नाही, हे तिथे खुणांसह दाखवलेले असते. मित्र कर्जात आहे, दुसऱ्या युद्धात आहे, किंवा युद्धभूमी त्याला फार दूर वाटते, अशी कारणे माऊस नेताच दिसतात. मैत्री करार आहे म्हणून मित्र येईलच, असे गृहीत धरू नये.

इशारा. शत्रूच्या मित्राला को-बेलिजरंट (युद्धातला बरोबरीचा शत्रू) ठरवण्याची चौकट याच पडद्यावर असते. ती निवडली की त्या मित्राचे मित्रही युद्धात उतरतात. त्याच्याकडून जमीन घ्यायची नसेल तर त्या चौकटीला हात लावू नये.

तपासणी. खजिन्यात पूर्ण देखभालीचा वर्षभराचा तोटा भरून निघेल एवढे डुकाट (गेममधले चलन) आहेत का, मनुष्यबळ निम्म्याहून जास्त भरलेले आहे का, सेनापती नेमला आहे का (त्याला साधारण ५० मिलिटरी पॉइंट लागतात), आणि ज्या बाजूला आपले सैन्य नसेल त्या बाजूचा शेजारी सध्या दुसरीकडे गुंतलेला आहे का?

## टप्पा ५: युद्ध

मोजणी नीट झाली असेल तर हा टप्पा तुलनेने सोपा असतो. लढाईच्या प्रत्येक फेरीत ० ते ९ असा फासा पडतो, आणि भूप्रदेशाची वजाबाकी त्यातूनच होते: डोंगरात हल्ला करणाऱ्याचे २, टेकड्या, जंगल किंवा दलदलीत १, आणि नदी ओलांडून आल्यास आणखी १. नदीपलीकडच्या डोंगरात चढाई केली तर दर फेरीत ३ ची तूट घेऊनच लढावे लागते, आणि चांगला सेनापतीदेखील ती नेहमी भरून काढू शकत नाही. म्हणून मोठी लढाई शत्रू आपल्याकडे चालून येईल अशा ठिकाणी घ्यावी.

हरलेल्या शत्रूच्या मागे देशभर धावणे टाळावे. पुरवठ्याच्या मर्यादेपेक्षा मोठी फौज एका प्रांतात उभी केली की लढाई न होताही दरमहा माणसे मरतात, हिवाळ्यात अधिकच. वेढ्याला लागेल तेवढेच सैन्य किल्ल्यापाशी ठेवून उरलेले शेजारच्या प्रांतांत, हाकेच्या अंतरावर उभे करावे. वेढ्याचा फासा साधारण दर ३० दिवसांनी पडतो आणि त्याला घाई चालत नाही.

## टप्पा ६: तह

शंभर टक्के वॉरस्कोर (युद्धातल्या यशाचा आकडा) मिळाला म्हणून शंभर टक्क्यांची मागणी करणे, ही या गेममधली सर्वांत महागडी सवय आहे.

तहाच्या पडद्यावर मागणीची निवड करत असतानाच अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शनचा (आपल्या विस्तारामुळे इतर देशांत साठणाऱ्या रागाचा) आकडा बदलत जातो. त्यावर माऊस नेला की कोणत्या देशाच्या मनात आपल्याविषयी किती राग साठेल आणि त्यांपैकी कोण आपल्याविरुद्धच्या आघाडीत सामील होऊ शकेल, याची यादी नावानिशी उघडते. हा राग एखाद्या देशात ५० च्या वर गेला आणि एकूण मतही उणे असले, तर तो देश आघाडीत जाऊ शकतो. राग कमी होण्याचा मूळ वेग वर्षाला २ एवढाच आहे, म्हणजे एका तहाने वाढलेले ३० पॉइंट उतरायला पंधरा वर्षे लागू शकतात. शेजारचे, त्याच धर्माचे आणि त्याच संस्कृतिगटाचे देश सर्वांत जास्त चिडतात. पवित्र रोमन साम्राज्याच्या हद्दीतली जमीन घेतली तर राग आणखी पसरतो आणि सम्राट ती परत मागतो. यामुळेच मध्य युरोपात जे चार प्रांत आघाडी उभी करतात, तेवढेच प्रांत उत्तर आफ्रिकेत घेतले तर युरोपात फारसे कोणी हलत नाही.

म्हणून यादी पाहत मागण्या एकेक करून वाढवाव्यात, आणि कोण्या मोठ्या देशाचे नाव धोक्याच्या रेषेजवळ येताच थांबावे. उरलेला वॉरस्कोर वाया जात नाही. त्यातून डुकाट घ्यावेत, युद्धखंडणी घ्यावी, शत्रूचे मैत्री करार मोडावेत, किंवा त्याच्या प्रदेशातून जुना देश पुन्हा स्वतंत्र करावा. करार मोडण्याची मागणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पुढच्या युद्धातला शत्रू त्यामुळे आजच एकटा पडतो. आपल्या मांडलिकाचे हरवलेले कोअर प्रांत त्याला परत मिळवून देणाऱ्या युद्धात हा राग बराच कमी वाढतो, आणि हा मार्ग नवखे खेळाडू क्वचितच वापरतात.

तहांचा क्रमही ठरवावा. शत्रूच्या मित्रांशी आधी वेगळा तह करून त्यांना बाहेर काढावे, त्यांच्याकडून पैसा आणि करारभंग घ्यावा, आणि मुख्य शत्रूशी शेवटी बसावे. दावा नसलेले प्रांत मागितले तर डिप्लो पॉइंट खर्ची पडतात, हे त्याच पडद्यावर दिसते. तह झाल्यावर लागणारी युद्धबंदी किती कठोर अटी घातल्या त्यानुसार ५ ते १५ वर्षांची असते, आणि ती मोडल्यास स्टॅबिलिटी ५ ने कोसळते; उणे ३ ते अधिक ३ एवढ्याच मापाच्या पट्टीवर ही घसरण काय करते ते वेगळे सांगायला नको.

तपासणी. 'पाठवा' दाबण्याआधी तीन आकडे पाहावेत: या तहानंतर ओव्हरएक्स्टेन्शन (कोअर न झालेल्या प्रांतांचा बोजा) किती होईल, सर्वांत चिडलेल्या मोठ्या देशाचा राग किती होईल, आणि हातातल्या अ‍ॅडमिन पॉइंटमध्ये किती प्रांतांचे कोअर लगेच सुरू करता येतील. ओव्हरएक्स्टेन्शन १०० च्या पुढे जात असेल तर एखादा प्रांत सोडावा किंवा मांडलिकाला द्यावा.

## टप्पा ७: घेतलेले पचवणे

कोअर ताबडतोब सुरू करावेत. त्यांना मूळ हिशेबाने ३६ महिने लागतात आणि उशिराने सुरू केलेला प्रत्येक महिना असंतोषात मोजावा लागतो. सैन्य लगेच घरी नेऊ नये किंवा मोडू नये. नव्या प्रांतांमध्ये ते विखरून ठेवावे, जिथे बंडाची पट्टी वेगाने वाढत असेल तिथे स्वायत्तता वाढवून असंतोष उतरवावा, आणि कर्जे मुदतीआधी फेडायला सुरुवात करावी.

मोकळा झालेला मुत्सद्दी सर्वांत चिडलेल्या देशाकडे संबंध सुधारण्यासाठी पाठवावा. मत उणे राहिले नाही तर राग असूनही तो देश आघाडीत जाऊ शकत नाही, म्हणून हा एक मुत्सद्दी कधीकधी अख्ख्या फौजेचे काम करतो. पुढचे युद्ध करायचेच असेल तर नकाशाच्या दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या धर्माच्या किंवा संस्कृतीच्या शेजाऱ्याविरुद्ध करावे. दोन-तीन दिशांचे शेजारी आळीपाळीने निवडले की युद्धबंद्या आपोआप वेगवेगळ्या वर्षी संपतात आणि सगळे वैरी एकाच वेळी मोकळे होत नाहीत.

## टप्पा ८: अनपेक्षित घडले तर

या गेममध्ये इतिहासाचा भाग मुख्यतः सुरुवातीच्या मांडणीत आहे. त्यापुढे नियम, फासे आणि अटींवर अवलंबून असलेल्या घटना चालतात. इतिहास वाचलेले खेळाडू इथे जास्त फसतात, हे माझे निरीक्षण आहे. धाडसी चार्ल्स १४७७ मध्ये नॅन्सीच्या लढाईत पडला आणि बर्गंडीचा वारसा हॅब्सबर्गांकडे गेला, हे ठाऊक असल्याने ते त्या वर्षापर्यंत स्वस्थ बसतात. गेममध्ये राजे त्या वेळापत्रकाने मरत नाहीत. तोच वारसा वीस वर्षे आधी फुटू शकतो, किंवा बर्गंडी अखंड राहून शेजाऱ्यांना दीडशे वर्षे छळू शकते. इसाबेला आणि फर्डिनांड यांचा १४६९ चा विवाह गेममध्ये अटी जुळल्या तरच घडतो, आणि न जुळल्यास आरागॉन स्वतंत्र सत्ता म्हणून उभे राहते. शाहरुख १४४७ मध्ये वारला आणि तैमुरी साम्राज्य फुटले. गेममध्ये म्हातारा शाहरुख आणखी काही वर्षे जगला किंवा त्याच्या वारसाने मांडलिक आवरले, तर तेच साम्राज्य दिल्लीपर्यंत येऊन ठेपते. सुधारणेच्या चळवळीची केंद्रेही विटेनबर्गऐवजी भलत्याच शहरांत उगवतात, आणि आपला निष्ठावान कॅथलिक मित्र एका रात्रीत परधर्मीय होतो.

असे काही दिसले की पुढील क्रम पाळावा.

पहिले, पॉज करावा आणि घटनेच्या चौकटीतला कोणताही पर्याय निवडण्याआधी प्रत्येकावर माऊस न्यावा. वरचा पर्याय इतिहासाला धरून असतो म्हणून तो चांगलाच असतो असे नाही.

दुसरे, राजनैतिक नकाशा लावून कोण वाढला आणि कोण फुटला ते पाहावे, आणि लेजरमधली सैन्याची तुलना पुन्हा करावी. टप्पा २ चा कागद आता जुना झाला आहे. फ्रान्सने अर्धी बर्गंडी गिळली असेल, तर कालचा समतोल साधणारा मित्र आज पुरेसा नाही.

तिसरे, रायव्हल आणि मैत्री करार तपासावेत. एखादा देश फार मोठा किंवा फार लहान झाला की त्याला रायव्हल ठेवता येत नाही आणि पॉवर प्रोजेक्शन घटते. उलट, नव्याने मोठ्या झालेल्या शेजाऱ्याला घाबरलेले देश अशा वेळी पूर्वी नाकारलेली मैत्री स्वीकारतात.

चौथे, संधी आहे का ते पाहावे, पण आपल्या युद्धबंद्या, मनुष्यबळ आणि अ‍ॅडमिन पॉइंट पाहूनच. फुटलेले साम्राज्य कोणालाही मोह पाडते. चीनच्या मिंग राजवटीचा मँडेट (राज्य करण्याचा दैवी अधिकार) कोसळून तिथे दहा राज्ये उभी राहिली तरी, तुमच्याकडे पॉइंट नसतील तर ती दहाही राज्ये पुढच्या दशकात तिथेच असतील. अशा प्रसंगासाठीच शंभरएक अ‍ॅडमिन पॉइंट आणि थोडा खजिना नेहमी अस्पर्श ठेवावा, असे मी सुचवीन.

आघाडीने हल्ला केलाच, तर प्रत्येक प्रांतासाठी लढत बसू नये. डोंगरातल्या किल्ल्यांच्या आडोशाने फौज वाचवावी, आघाडीतला एखादा तुकडा गाठून लढाई जिंकावी, आणि वॉरस्कोर फार खाली जाण्याआधी थोडी जमीन देऊन तह करावा. दोन प्रांत आज देणे हे दिवाळखोरीनंतर सहा देण्यापेक्षा स्वस्त पडते.

उरतो तो सर्वांत जास्त मोहिमा टाकून द्यायला लावणारा प्रकार: राजा निपुत्रिक मरतो आणि आपण दुसऱ्या राजाच्या पर्सनल युनियनमध्ये कनिष्ठ होऊन बसतो. इथे मेन मेनूकडे जाण्याची गरज नाही. कनिष्ठ देशाचे उत्पन्न, सैन्य आणि पॉइंट त्याच्याकडेच राहतात, आणि ज्येष्ठाच्या छत्राखाली असताना शेजारी सहसा हात लावत नाहीत. या काळात कर्ज फेडावे, टेक्नॉलॉजी गाठावी आणि फोर्स लिमिटपर्यंत (देशाला झेपणाऱ्या सैन्याच्या मर्यादेपर्यंत) सैन्य भरावे. लिबर्टी डिझायरची (स्वातंत्र्याच्या ओढीची) पट्टी पाहत राहावी आणि ज्येष्ठ देशाच्या रायव्हलांशी संबंध वाढवून त्यांच्याकडून स्वातंत्र्याला पाठिंबा मिळवावा. पट्टी ५० च्या वर गेल्यावर लगेच युद्ध पुकारू नये. ज्येष्ठ देश दुसऱ्या मोठ्या युद्धात अडकेपर्यंत आणि लेजरमध्ये त्याचे मनुष्यबळ तळाला जाईपर्यंत थांबावे, टप्पा ४ ची तपासणी पूर्ण करावी, सेव्ह करावे, आणि मगच स्वातंत्र्ययुद्धाचे बटण दाबावे.